काचेतलं ऊन

परवा माझी नात पेल्यातल्या दुधात कसलीशी पुडी ढवळत उभी होती. काय गं ते, म्हटलं. म्हणाली, "आजी, ड जीवनसत्त्व. रक्तात फारच कमी निघालंय माझ्या. म्हणून तर सारखे पाय दुखतात." मी तिच्या खोलीकडं बघितलं. खिडकीला जाड पडदा, पडद्यामागं काच, काचेवर पुन्हा काळा कागद. बाहेर निघाली की तोंडाला फडकं, हातात मोजे, गाडीच्या काचा वर. मला हसावं की रडावं कळेना. परभणीत राहून ऊन पुडीतनं प्यायचं! जिथं वैशाखात माणसाच्या टाळूवर भाकरी भाजावी, तिथं! तिला म्हटलं, बस जरा, तुझ्या पणजोबांनी विकत आणलेल्या उन्हाची गोष्ट सांगते. तिला वेळ नव्हता. माझा मात्र दिवसभर जीव थाऱ्यावर राहिला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव पोखर्णीच्या पुढं, गाडीवाटेवर. राज्य निजामाचं आणि गावात राज्य आमच्या आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, गावचे देशमुख. आईला आम्ही बाई म्हणायचो. थोरला भाऊ, दादा, हैदराबादला वकिली शिकायला होता, सुटीपुरता घरी यायचा. घर भक्कम, सपाट मातीच्या छताचं, म्हणजे माळवदाचं, दरसाल पांढऱ्या मातीनं सारवलेलं. मधे मोठा चौक होता, पण तो बायकांचा नव्हे. त्याच्या एका अंगाला आबांची बैठक. तिथं सकाळपासून गडीमाणसं, तंटे घेऊन आलेले लोक, कधी तहसिलीचा जवान. आम्हा बायकांना चौक ओलांडायचा झाला तर आधी कुणीतरी खाकरायचं, सगळ्यांनी माना फिरवायच्या, मग डोईवरून पदर ओढून आम्ही पळत सुटायचं. हैदराबादच्या बड्या घरांत गोषा, म्हणून आमच्या घरात गोषा. बाईचं नखसुद्धा परक्याच्या दृष्टीस पडू नये, यात म्हणे घराण्याची अब्रू. आता अब्रू काय नखात असते? पण तेव्हा असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

ही गोष्ट घडली त्या साली मी शहाणी झाले आणि दुसऱ्या दिवसापासून मलाही आत ओढलं. तोवर मी गावभर उंडारायची. मेंढरं घेऊन आलेल्या हटकरांच्या पोरींबरोबर माळावर बोरं वेचायची, कुणाच्याही शेतात शिरून हरभरा उपटायची. पायाला नुसती भिंगरी. आणि एकदम चार खोल्या नि एक न्हाणी! बाहेरचं सगळं ऐकू यायचं. मोटेची कुरकुर, लोहाराचा घण, संध्याकाळी परतणाऱ्या मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. दिसायचं मात्र काही नाही. मी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायची, पुन्हा उलट घालायची. "बूड टेकव की गं जरा, चंद्रे! भवरा झालीस का काय?" बाई ओरडायची. बूड टेकायचं कसं? अंगात मुंग्या उठल्यासारखं व्हायचं.

ह्याच चार खोल्यांत आमची गोदावहिनी, दादाची बायको, लग्नापासून राहत होती. तिचं माहेर चारठाण्याकडं, साध्या शेतकऱ्याचं. रूप बघून आबांनी तिला मागणी घातली. आली तेव्हा काय धडधाकट होती! डोईवर एक हंडा, कडेवर एक घागर, आणि उंबरा उडी मारून ओलांडायची. बाई म्हणायची, "सून हाय का वासरू?" मग हळूहळू ती उडी गेली. कंबर धरायला लागली, मांड्या दुखायला लागल्या. पहिलं मूल पोटातच अडलं, सुईणीनं जीव तोडला, पण ते गेलंच. त्यानंतर तर ती बदकासारखी झुलत चालायची. खाली बसली की गुडघ्यावर हात रेटून, भिंत धरून उठायची. तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो: एक टक्, आणि मग फरशीवरनं घासत गेलेलं लांबलचक खर्र. तो आवाज आला की मी कानांवर हात ठेवायची. कारण बायका मला बघून म्हणायच्या, आता हिलाबी असंच एखाद्या मोठ्या घरात देऊ.

खायला कमी होतं म्हणावं, तर तसंही नाही. दुभती जनावरं दावणीला. बाई वहिनीला स्वतःच्या हातानं तांब्याभर दूध पाजायची. ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. तरी वहिनी आतून पोखरल्यासारखी. त्यात पावसाळ्याच्या तोंडाला तिला पुन्हा दिवस गेले आणि एक दिवस बाईनं तिला भिंतीचा पोपडा नखानं खरवडून खाताना पकडलं. बाई रागावली नाही. तिच्या तोंडावरची पांढरी माती पदरानं पुसली आणि माझ्याकडं बघून नुसती म्हणाली, "मागल्या वक्तालाबी हिनं भिंतच खाल्ली व्हती."

तेव्हा परभणीला सरकारी दवाखान्यात एक लेडी डॉक्टर आली होती, हैदराबादेत शिकलेली मुसलमान बाई. बिनबुरख्याची, बोलायला फटकळ. गणपती उठल्यावर दमणीला, म्हणजे आमच्या छपराच्या लहान गाडीला, चारी बाजूंनी पडदे बांधून आम्ही वहिनीला तिच्याकडं नेलं. डॉक्टरीणबाईनं वहिनीच्या नडगीवर नुसता अंगठा दाबला तर वहिनी किंचाळली. "हड्ड्या नरम पड गए, अम्मा," ती बाईला म्हणाली. "ऐसेच रहे तो बच्चे को रास्ता नै मिलता. फिर दोनों जाते." मग तिनं समजावलं ते मला तेव्हाही कळलं, इतकं सोपं होतं. हाड चुन्याचं असतं, चुना दुधातनं मिळतो. पण तो हाडात बसवणारं एक सत्त्व असतं, आणि ते अंगाला ऊन लागलं की कातडीतच तयार होतं. ऊन नाही, तर तांब्याभर काय, घागरभर दूध पाजा, फुकट. तिनं माशाचं तेलही दिलं होतं. पण वहिनीला दिवस गेलेले; बाटलीचं बूच काढलं तरी तिला भडभडून उलटी व्हायची. काही केल्या ते पोटात ठरेना. राहिलं ऊन.

ऊन! आमच्या गावात उन्हाची काय कमी? पण देशमुखांच्या सुनेनं ते घ्यायचं कुठं? चौकात पुरुष. माळवदावर चढायला शिडी, ती हिला चढवत नव्हती, आणि शेजारची सगळी माळवदं एकमेकांना लागून. बाईनं आबांना सांगितलं तेव्हा मी दाराआड कान टवकारून उभी होते. मला वाटलं, भडकणार. पण आबा म्हणाले, "सुनेला ऊन पायजे ना? मग ऊन घरात आणू."

आणि खरंच आणलं. माळवदात उजेडासाठी भोक ठेवतात, त्याला सानं म्हणतात. वहिनीच्या खोलीवरचं सानं गवंड्यानं चांगलं खाटेएवढं मोठं केलं. दादाला निरोप गेला आणि हैदराबादहून जाडजूड काचा कडब्यात गुंडाळून आगगाडीनं आल्या. स्टेशनापासून आबा स्वतः गाडीच्या बाजूनं घोडा हाकत आले, प्रत्येक खड्ड्याला "हळू रे, हळू!" करत. सगळा गाव काचा बघायला लोटला. दसऱ्याच्या आत काच बसली. आबांनी खोलीत येऊन वर बघितलं, फरशीवर पडलेल्या उन्हाच्या चौकोनात आपला हात धरून बघितला, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू! म्हणाले, "घे, पोरी. तुझ्यासाठी सूर्य आणलाय." लोक आबांना कडक म्हणत, ते होतेच. पण सुनेवर त्यांची माया होती, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

मग सुरू झालं ते बसणं. रोज सकाळी चौकोन भिंतीवर उमटायचा, खाली उतरायचा, फरशीवरून सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर चढायचा. आम्ही दोघी त्याच्या मागं मागं. वहिनीनं पाय पुढं करून बसायचं, मी तिच्या नडग्यांना तीळतेल चोळायचं. घामाच्या धारा लागायच्या, काच तापून खोलीची भट्टी व्हायची. मला वाटायचं, आता सुधारेल, उद्या उडी मारेल. मी रोज तिला उठायला लावून बघायची. रोज तिचा हात गुडघ्यावर. एकदा ती वर काचेकडं बघत म्हणाली, "चंद्रावन्सं, ह्या उन्हाला वास न्हाई हो." मी म्हटलं, उन्हाला कुठं वास असतो? तर म्हणाली, "असतो की. ज्वारीच्या रानात असतो. अंगावरच्या लुगड्याला लागून घरी येतो." मी हुंगून बघितलं. नुसता तेलाचा वास.

दिवाळी गेली. वहिनीचं पोट दिसायला लागलं आणि दुखणं वाढलं. कूस बदलताना ती ओठ चावायची. माझ्या फेऱ्याही वाढल्या. मी काचेखालून दारापर्यंत, दारापासून काचेखाली. बाई आता मला बस म्हणत नव्हती, कारण ती स्वतःच हातातलं काम टाकून टाकून खोलीत डोकावत होती. तोंडानं कुणी म्हणत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात ते अडलेलं पहिलं मूल होतं. शेवटी बाईच म्हणाली, पुन्हा परभणीला न्या. पुन्हा दमणी, पुन्हा पडदे. ह्या खेपेला आबा घोड्यावर पुढं.

डॉक्टरीणबाईनं नडगी दाबली, वहिनी किंचाळली. "धूप लेते नै क्या?" तिनं दरडावून विचारलं. बाई मोठ्या अभिमानानं काचेचं सांगायला लागली. डॉक्टरीणबाई ऐकत राहिली आणि मग तिनं कपाळाला हात लावला. "कांच में से? अरे अम्मा! कांच उजाला देती, गर्मी देती. हड्डी को जो होना, वोईच कांच खुद पी जाती!" बाईला पुरतं कळलं नसावं. मला कळलं. एवढे दिवस आम्ही घाम गाळत बसलो, आणि जे अंगाला लागायला हवं होतं ते वर माळवदावरच थांबत होतं! मला काचेचा असा संताप आला, आबांचा आला, आणि त्या गुळगुळीत चौकोनामागं वेड्यासारखी फिरले म्हणून माझाही आला. डॉक्टरीणबाई पुढं म्हणाली ते बाईला नीट कळलं. "अब भी टाइम है. खुल्ले में बिठाव. नै तो मेरे पास लाव ही मत."

परतीच्या वाटेवर दमणीत पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती आणि बाई तिच्याकडं टक लावून बघत होती. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात. दोन्ही बाजूंनी पानांची सळसळ. भर दुपार. आपल्या गावची शीव लागली आणि बाई एकदम म्हणाली, "मारोती, गाडी थांबीव." मारोती आमचा जुना गाडीवान. त्याला वाटलं, सुनेला मळमळतंय. त्यानं बैल थांबवले आणि रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभा राहिला. बाईनं पडद्याची दोरी ओढली. गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. पडदा खाली पडला आणि ऊन असं भस्सकन आत आलं की आम्हा तिघींचे डोळेच मिटले. बाई खाली उतरली. माझ्या आईला मी उघड्या आभाळाखाली पहिल्यांदा बघत होते. ती बांधावर जाऊन मातीत बसली, पाय लांब केले आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "गोदे, ये. चंद्रे, धर तिला. आण हिकडं."

आबा घोडा वळवून आले. "काय चालवलंय हे? गाडीत बसा आधी!" त्यांचा आवाज फाटला होता. "लोक बघायलेत!" खरंच, पलीकडच्या वावरात खुरपणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बघू द्या," बाई म्हणाली. तिनं पदर मात्र डोईवरून ढळू दिला नव्हता. "तुमी काच आणली. लय मायेनं आणली, मला म्हाईत हाय. पर त्या काचंनं पोरीच्या वाटचं खाल्लं, असं डॉक्टरीण म्हणती."

"म्हणून उघड्यावर? देशमुखाच्या घरच्या बाया?"

बाई जरा वेळ आपल्या नडगीवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझीबी हाडं दुखतेत. चंद्रीच्या वक्तापासून दुखतेत. राती कूस बदलायची तर जीव जातो. मी कधी बोलले न्हाई. मला वाटलं, बाईच्या जातीची हाडं दुखायचीच असतेत." तिनं मान वर करून आबांकडं बघितलं. चारचौघांत तिनं आबांकडं असं सरळ बघितलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "सुनेचं दिसलं तुमाला. आता लेकीचीबी तशीच करायची हायेत का?"

आबा घोड्यावरच बसून राहिले. लगाम हातात. घोडा माशा झटकत होता. वहिनी माझ्या खांद्याला धरून बांधापर्यंत आली, तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि हसली. किती दिवसांनी! "आला का वास?" मी विचारलं. तिनं मान डोलावली. आबांनी घोडा वळवला, पण गावाकडं गेले नाहीत. थोडं पुढं जाऊन, आमच्याकडं पाठ करून, वाटेवर उभे राहिले. मागून एक बैलगाडी आली, ती त्यांनी तिथंच अडवून धरली.

तेव्हापासून पौष-माघ आम्ही तिघी रोज मळ्यात. आधी पडद्याच्या दमणीतून, मग पडदा अर्धा, मग कधी नुसतंच. सुगीच्या धामधुमीत तो कधी सुटला ते माझ्याही ध्यानात राहिलं नाही. भावकीतले लोक बैठकीत येऊन टोमणे मारायचे. आबा हुक्का ओढत ऐकून घ्यायचे. हुरड्याच्या दिवसांत वहिनी आगटीशी बसून कणसं चोळायला लागली. मी मात्र रानभर! त्या दिवसांत मी इतकी धावले की संध्याकाळी भाकरी खाता खाताच डुलक्या यायच्या. तरी मन निवांत नव्हतं. वहिनी उठताना मी तिच्या हाताकडंच बघायची. हात गुडघ्यावर जायचा. पुढं पुढं नुसता टेकायचा. पण आतल्या हाडांचं काय, ते कुणाला दिसत होतं? ते तर बाळंतपणालाच कळणार.

चैत्रात वहिनीला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. कळा रेंगाळल्या. बाई व्हरांड्यात जपमाळ ओढत बसली, आणि माझ्याबरोबर आता आबाही फेऱ्या घालत होते. मी ह्या टोकाकडून, ते त्या टोकाकडून. मधे गाठ पडली की दोघंही मान खाली घालायचो. पाखरं ओरडायला लागली तेव्हा आतून एक रडणं ऐकू आलं. कोवळं, चिरकं, चिडलेलं. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आली. "लडकी है," म्हणाली. "हड्डी ने रास्ता दिया, अम्मा. मां भी ठीक." बाईनं जपमाळ कपाळाला लावली आणि ती रडली. मीही रडले. आबांनी खांब धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

आणि आता गंमत बघा माणसाची. घरी आल्याबरोबर ह्याच बाईनं काय केलं? बाळंतिणीची खोली तयार! खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दारावर घोंगडं, बाजेखाली शेगडी. सान्यावरची काच उतरवून गोठ्यात टाकली होती, तिथं फळी ठोकून अंधार केलेला. सव्वा महिना बाळबाळंतिणीला वारा नको नि ऊन नको, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात चौकातून आबांचा आवाज आला.

"खोली राहू द्या. बाज हिकडं चौकात टाका."

बाई दाराशी आली. "चौकात? अन् तुमची बैठक?"

"बैठक आजपासून बाहेरच्या ओट्यावर."

गड्यांनी गाद्या-लोड उचलले. आबांनी आपला हुक्का स्वतः उचलला. चौकातला शेवटचा माणूस बाहेर गेला तसे ते मोठ्या दरवाजाशी, उंबऱ्याच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून बसले. मी विचारलं, "आबा, दार लावू का?"

"कशाला? मी हाय न्हवं."

सकाळचं कोवळं ऊन चौकात उतरलं होतं. बाईनं नातीला पायांवर घेऊन तेल लावलं. पोरगी हातपाय झाडत होती. वहिनी बाजेवर बसली होती, ती उठली. मी सवयीनं तिच्या हाताकडं बघितलं. हात बाजेवर नव्हता, गुडघ्यावर नव्हता, भिंत तर लांबच होती. ती उठली आणि चौकातून चालायला लागली. टक्, टक्, टक्. घासल्याचा आवाज नाही.

आबांची मान ताठ झाली. वळले नाहीत, बाळंतीण सुनेकडं बघायची रीत नव्हती.

"चंद्रे," त्यांनी विचारलं, "कोण चालायलंय गं?"

"वहिनी, आबा."

त्यांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले, ते मी पाठीमागनं बघितलं. टक्, टक्, टक् चालूच होतं.

"चालू दे," आबा म्हणाले.